घोड्याची साक्ष

शब्दाचा अर्थ कसा ठरतो हे शिकवताना संस्कृत पाठशाळांत एक जुने उदाहरण देतात. मालक नोकराला म्हणतो, 'सैंधव आण.' सैंधव म्हणजे मीठ, आणि सैंधव म्हणजे सिंधुदेशीचा घोडाही. मालक पानावर बसला असताना नोकराने घोडा आणून उभा केला, किंवा मालक प्रवासाला निघाला असताना त्याच्या हातावर मीठ ठेवले, तर त्यात शब्दाचा दोष नाही. नोकराला प्रसंग कळला नाही, एवढेच. याच शास्त्रात 'योग्यता' हा शब्द एका नेमक्या अर्थाने येतो. वाक्याला अर्थ यायचा तर त्यातल्या पदांत आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी लागतात. 'तो विस्तवाने झाडे शिंपतो' या वाक्यात योग्यता नाही. म्हणून विस्तव नालायक ठरत नाही आणि शिंपणेही वाईट ठरत नाही; त्या दोघांचे एकमेकांशी जुळत नाही, इतकेच. म्हणजे योग्यता ही एका वस्तूच्या पोटात दडलेली नसते, ती दोन गोष्टींच्या मध्ये असते. व्याकरणात हे आपण सहज मान्य करतो. माणसांविषयी बोलू लागलो की मात्र ती एकाच्याच अंगाला चिकटवतो, आणि चिकटवताना दाखला बहुधा घोड्याचा देतो. अरबी घोड्याच्या पोटी तट्टू निपजत नाही, शर्यतीचा घोडा नांगराला जुंपत नाहीत, तसेच माणसांचे आहे. जन्मावरून स्वभाव, स्वभावावरून काम आणि कामावरून धर्म. वर्णव्यवस्थेच्या समर्थनात हा युक्तिवाद निरनिराळ्या वेषांत पुन्हा पुन्हा येतो. घोडा या पक्षाचा हुकमी साक्षीदार आहे. त्याची उलटतपासणी मात्र फारशी कोणी घेतलेली नाही.

तपासणी कौटिल्यापासून सुरू करावी, कारण त्याला धर्मचर्चा करायची नव्हती, पागा चालवायची होती. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षाचा अध्याय आहे. प्रत्येक घोड्याची नोंद वहीत करायची: तो विकत आला, लढाईत मिळाला की पागेतच जन्मला, त्याचे कूळ कोणते, वय किती, रंग आणि खुणा कोणत्या. पुढे प्रदेशांची उतरंड येते. कांबोज, सिंधू, आरट्ट आणि वनायु इथले घोडे उत्तम, बाह्लीक, पापेय, सौवीर, तैतल इथले मध्यम, बाकीचे कनिष्ठ. इथपर्यंत घोडा आपल्या पक्षाच्या बाजूने बोलतो आहे असे वाटते. पण लगेच पुढे कौटिल्य सांगतो की या सगळ्यांना काम द्यायचे ते तीक्ष्ण, भद्र किंवा मंद अशी वृत्ती पाहून. मग तो घोडा लढाईचा असो वा नित्याच्या स्वारीचा. 'या सगळ्यांना' हे महत्त्वाचे. कांबोजातही मंद घोडा निघू शकतो आणि कनिष्ठ प्रदेशातही तीक्ष्ण निघू शकतो, हे ज्याला ठाऊक आहे तोच असा दुसरा निकष ठेवील. कूळ वहीत लिहिले जाते, काम मात्र घोड्याकडे बघून ठरते. कुळाला किंमत नाही असे कौटिल्य म्हणत नाही. ती पहिली अटकळ आहे, खरेदीच्या वेळी उपयोगी पडणारी. निवाडा अटकळीवर होत नाही. लढाईत चुकीच्या घोड्यावर बसलेला स्वार मरतो, आणि मेलेल्या स्वाराला कुळाची वही दाखवून उपयोग नसतो. व्यवहार माणसाला जितका प्रामाणिक ठेवतो तितका सिद्धान्त ठेवत नाही, असे म्हणायला इथे जागा आहे.

पुढच्या काळातल्या अश्वशास्त्रांत चित्र पालटते. शालिहोत्राच्या परंपरेतल्या ग्रंथांत आणि भोजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरू'त घोड्यांनाच चार वर्ण मिळाले: ब्राह्मण घोडा, क्षत्रिय घोडा, वैश्य, शूद्र. त्यांच्या अंगाचा गंध, चाल, राग, खाणे यांवरून ते ओळखायचे. हा प्रकार पाहून हसू येते, पण हसून सोडून देण्यासारखा तो नाही. माणसांच्या व्यवस्थेतून चार खण उचलून घोड्यांवर बसवले. काही शतकांनी त्याच घोड्यांकडे बोट दाखवून म्हणायचे की बघा, निसर्गातही चार खण आहेत. आपणच शिकवलेला साक्षीदार आपल्याच बाजूने बोलला तर त्याचे नवल कसले? आपल्या भाषेतही या उतरंडीचा गाळ राहिला आहे. 'तट्टू' म्हटले की भाड्याचे तट्टू किंवा अडेल तट्टू, म्हणजे शिवीच. पण भीमेच्या काठची भीमथडी तट्टे ज्यांनी वापरली त्यांच्या तोंडी ती शिवी नव्हती. उंचीला कमी, दिसायला साधी, पण थोड्या चाऱ्यावर दिवसचे दिवस मजल मारणारी, डोंगरात न अडखळणारी ही जनावरे मराठी फौजेच्या वेगाचे एक मोठे कारण होती. थेट मैदानी धडकेच्या मापाने मोजले तर ती कनिष्ठ. छापा घालून रातोरात कित्येक कोस पलीकडे जाण्याच्या मापाने मोजले तर त्याच फौजेतला उंच, देखणा, चंदी कमी पडली की खंगणारा घोडा कनिष्ठ. माप बदलले की उतरंड उलटी होते. सैंधव आण म्हणणारा माणूस पानावर बसला आहे की रिकिबीत पाय घालून उभा आहे, हे आधी विचारावे लागते.

या युक्तिवादाचे सर्वांत बुद्धिमान रूप भारतात नव्हे, ग्रीसमध्ये सापडते. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये सॉक्रेटिस पहिल्याच भागात घोड्याचे उदाहरण घेतो: एखाद्या वस्तूचे कार्य म्हणजे जे फक्त तिच्याकडून किंवा तिच्याकडूनच उत्तम होते ते. पाचव्या भागात तो ग्लॉकनला विचारतो, तू शिकारी कुत्री आणि जातिवंत पक्षी पाळतोस, त्यांची पैदास निवडून करतोस ना? घोड्यांचेही तसेच ना? मग माणसांचे वेगळे का असावे? तरीही प्लेटोने एक दार उघडे ठेवले होते. सोन्याच्या आईबापांना लोखंडाचे मूल होऊ शकते आणि उलटही, आणि तसे झाले तर मुलाला त्याच्या जागी हलवावे, असे तो स्पष्ट सांगतो. 'फीड्रस' या संवादात मात्र हे दार बंद दिसते. तिथे आत्मा म्हणजे एक सारथी आणि दोन घोडे. एक घोडा उमदा आणि उमद्या वंशाचा, नुसत्या शब्दाने चालणारा; दुसरा काळा, बेढब, कानांवर केस वाढलेला, चाबकालाही जेमतेम जुमानणारा, आणि वंशानेही पहिल्याच्या उलट. कठोपनिषदातही रथ आहे, सारथी आहे, घोडे आहेत. शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे. दोन्ही रूपके इतकी जवळची आहेत की त्यांची तुलना अभ्यासकांनी पुष्कळ केली आहे. मला त्यांतला एक फरक निर्णायक वाटतो. कठोपनिषदातही वाईट घोडे आणि चांगले घोडे आहेत, पण ते दोन वंशांचे नाहीत. सारथ्याला विवेक नसेल आणि लगाम सैल असेल तर इंद्रिये दुष्ट घोड्यांसारखी होतात. विवेक असेल तर तीच इंद्रिये चांगल्या घोड्यांसारखी ताब्यात राहतात. घोड्याचा चांगुलपणा इथे जन्मात शोधलेला नाही, तो लगामाच्या दोन टोकांमध्ये शोधलेला आहे. प्लेटोचा काळा घोडा कायमचा काळा आहे. यमाने नचिकेताला सांगितलेल्या रथाला तसा एकही घोडा जोडलेला नाही.

इथे विज्ञानाच्या बाजूने आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. स्वभाव आनुवंशिक असतो हे आता रूपकाचे किंवा अटकळीचे प्रकरण राहिलेले नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या मोठ्या अभ्यासाने दाखवले की आजच्या पाळीव घोड्यांचे पूर्वज व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या मुलखातून साधारण ४,२०० वर्षांपूर्वी झपाट्याने पसरले. त्यांच्या जनुकांत माणसाच्या निवडीच्या ठळक खुणा ज्या दोन ठिकाणी दिसतात त्यांतली एक पाठीच्या बळकटीशी जोडली जाते आणि दुसरी भीती व अस्वस्थता यांच्याशी. म्हणजे खोगीर घालता येईल अशी पाठ आणि माणूस जवळ आला तरी बुजणार नाही असे मन, या दोन गोष्टी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या वेचून काढल्या. त्याआधी २०१२ साली एका जनुकातला एकच बदल घोड्याच्या चालीवर किती परिणाम करतो हे उघड झाले. आइसलँडच्या घोड्यांची ती गुळगुळीत खास चाल त्याच्याशी निगडित आहे. इंग्लंडमधल्या थरोब्रेड जातीची वंशावळ १७९१ पासून छापील नोंदवहीत आहे, आणि तिच्यातल्या आजच्या सगळ्या घोड्यांची पितृपरंपरा तीन मूळ घोड्यांपाशी पोचते. हे सगळे खरे असताना जन्माला महत्त्व नाही असे कसे म्हणता येईल?

तसे मी म्हणत नाही. आनुवंशिकता आहे, प्रश्न तिच्यावरून काय काय सिद्ध होते हा आहे. पहिली गोष्ट, घोड्यांच्या जाती निसर्गाने दिलेल्या नाहीत. कोणीतरी एक काम मनात धरले, त्या कामाला जमणारे नर-मादी निवडले, न जमणारे बाजूला काढले, नोंदवही बंद केली आणि हे पिढ्यान्‌पिढ्या चालवले. म्हणजे जातीने काम ठरले नाही, कामाने जात ठरली. माणसांच्या कोणत्याही वर्णात किंवा जातीत अशी पारख करून निवड झाल्याचा दाखला नाही. शास्त्राला पाठ फिरवलेला ब्राह्मण आणि रणातून पळालेला क्षत्रिय यांची मुले त्याच वर्णात राहिली. नोंदवही बंद केली, पण पारख केलीच नाही. अशा पागेतून कोणत्या गुणाची पैदास होईल हे कोणताही अनुभवी चाबुकस्वार सांगेल. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' या न दिलेल्या भाषणात नेमके इथे बोट ठेवले होते: ही नुसती श्रमाची विभागणी नव्हे, श्रमिकांचीही आहे, आणि ती माणसाच्या नैसर्गिक कलावर आधारलेली नाही. दुसरी गोष्ट, जिथे निवड कडक झाली तिथेही स्वभावाबाबत जातीचे भाकीत फार लांब जात नाही. काटेकोरपणे पैदास झालेल्या कुत्र्यांचा, अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती घेऊन केलेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. एकेका कुत्र्याच्या वागणुकीतल्या फरकांपैकी जातीने उलगडले ते सुमारे ९ टक्के. उंची आणि रंग जात सांगते, जिवाचा कल ती थोडासाच सांगते. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारात घोडा घेणारा माणूस हे अभ्यासाशिवाय जाणतो. मारवाडी की काठेवाडी हे तो विचारतो, पण पैसे मोजण्याआधी दात बघतो, पाय उचलून बघतो, घोडा फिरवून बघतो. (भोवराही बघतो, हे कबूल. प्रत्येक पारखी माणसाच्या पोतडीत न पारखलेली एक समजूत असतेच.)

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. स्वभावावरून काम ठरते असे आपण म्हणतो, तेव्हा कामावरून स्वभाव घडत असेल ही शक्यता आपण विसरतो. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००९ साली एकाच ठिकाणी, एकसारख्या ठाणांत राहणारे ७६ घोडे पाहिले. राहणी सारखी, काम मात्र वेगळे: कोणी अडथळ्यांवरून उड्या मारणारे, कोणी कवायतीच्या नाजूक चाली करणारे, कोणी कसरतपटूंना पाठीवर घेऊन गोल धावणारे. ठाणावर मोकळे असताना हे घोडे कसे वागतात ते टिपले, तेव्हा लाकूड चावणे, मान हलवत राहणे, जीभ बाहेर काढून खेळवणे अशा मनोविकाराच्या खुणा कामाप्रमाणे बदलत गेल्या. ज्यांना हरघडी लगामाच्या ताणात, भावना दाबून चालावे लागते त्या कवायतीच्या घोड्यांत त्या सर्वांत जास्त आणि गंभीर होत्या. आता हे न जाणणारा कोणी परीक्षक त्या पागेत आला तर तो वहीत लिहील, 'हा घोडा मूळचाच चिडखोर.' मग त्याला चिडखोर घोड्याचे काम मिळेल, त्या कामाने तो आणखी चिडेल आणि वही खरी ठरेल. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवले, ज्यांच्या वाट्याला हलके ठरवलेले काम दिले, त्यांच्या स्वभावाविषयी जुन्या ग्रंथांत जे लिहिले आहे ते या वहीसारखेच वाचले पाहिजे.

बुद्धाच्या काळी हाच वाद समोरासमोर झाला होता, आणि तिथेही घोडी साक्षीला आली. मज्झिम निकायातल्या अस्सलायन सुत्तात सोळा वर्षांचा, वेदपारंगत ब्राह्मण तरुण अस्सलायन जन्माचे श्रेष्ठत्व मांडायला येतो. बुद्ध त्याला विचारतो की घोडी आणि गाढव यांच्या संयोगातून झालेल्या पिलाला घोडा म्हणायचे की गाढव? तो म्हणतो, खेचर. तिथे भेद दिसतो. आणि क्षत्रिय तरुण व ब्राह्मण तरुणी यांच्या मुलाचे काय? तिथे भेद दिसत नाही, हे त्याला स्वतःच्या तोंडाने कबूल करावे लागते. घोड्यावरून माणसाकडे उडी मारायची तर कोणत्या पातळीवरून मारायची, हा इथला मुद्दा आहे. घोडा आणि गाढव हा भेद वेगळा, एक घोडा आणि दुसरा घोडा हा भेद वेगळा. वर्णाचा समर्थक दुसऱ्या भेदाला पहिल्याचे वजन चढवतो. अश्वघोषाच्या नावावर असलेल्या 'वज्रसूची'त हाच धागा पुढे नेला आहे: गाय, हत्ती, घोडा यांची पावले बघून कोणाचे कोणते ते सांगता येते, चार वर्णांच्या पावलांचे तसे नाही. याच नावाच्या उपनिषदातला ब्राह्मण कोण हा प्रश्न सतराव्या शतकात तुकोबांच्या शिष्या बहिणाबाईंनी मराठी अभंगांत आणला. ज्याच्या नावातच घोडा आहे त्या अश्वघोषाने घोड्याची साक्ष फिरवावी, हा योग मला गमतीचा वाटतो.

आता परंपरेच्या आतून येणारा आक्षेप. गीता जन्म म्हणत नाही, गुण आणि कर्म म्हणते. अठराव्या अध्यायात कर्मांची विभागणी स्वभावातून उपजलेल्या गुणांनी झालेली आहे. तेव्हा टीका विकृतीवर करा, तत्त्वावर नको. हे मला अर्धे मान्य आहे. पण गुणांवरून काम ठरवायचे तर गुण तपासावे लागतील, प्रत्येकाचे आणि पुन्हा पुन्हा. आणि तपासाआधीच जन्माच्या दिवशी कोणाला पोथी व कोणाला झाडू मिळता कामा नये. यावर जुने उत्तर असे की स्वभाव म्हणजे मागच्या जन्मांचा संस्कार, म्हणून जन्म हाच त्याचा पुरावा. शंकराचार्यांनी स्वभावाचा हा अर्थ दिला आहे खरा, पण त्यांच्याच मांडणीत तो संस्कार या जन्मी आपल्या कार्याकडे वळून प्रकट झालेला असतो. प्रकट झाला की नाही हे बघूनच कळणार. धूर दिसण्याआधी डोंगरावर अग्नी आहे असे अनुमान करणाऱ्याला नैयायिक काय म्हणतील ते सांगायला नको.

मग वर्गवारी टाकूनच द्यायची का? चीनमधला चुआंग त्सु तसेच म्हणतो. घोड्याचा खरा स्वभाव म्हणजे बर्फ तुडवणारे खूर, वारा अडवणारे केस, गवत आणि पाणी. पो-लो नावाचा प्रख्यात अश्वपारखी आला, त्याने डागले, कातरले, लगाम घातला, रांगेत बांधले, आणि शेवटी निम्म्याहून अधिक घोडे मेले. 'कामाला योग्य' हे घोड्याचे वर्णन नाही, आपल्या गरजेचे आहे, हा त्याचा टोला बरोबर बसतो. तरी मला तो पुरा पटत नाही, कारण माणसाने माणसाला ओळखणे थांबवले तर शिकवणेही थांबते. अंगुत्तर निकायात बुद्ध घोड्यांचे चार प्रकार सांगतो: पराणीची सावली पाहून जागा होणारा, केसांना टोचल्यावर, कातड्याला टोचल्यावर आणि हाडाला भिडल्यावर जागा होणारा. माणसेही तशीच, कोणी परगावच्या मृत्यूची बातमी ऐकून सावध होतो, कोणी स्वतःच्या वेदनेपर्यंत थांबतो. ही स्वभावाचीच वर्गवारी आहे. पण चारही घोडे जातिवंतच म्हटले आहेत, आणि चारही शेवटी एकाच वाटेला लागतात. याच निकायात केशी नावाचा घोडे शिकवणारा बुद्धाकडे येतो. तो सांगतो की काही घोडे मऊपणाने, काही कठोरपणाने, काही दोन्हींनी वळतात. इथे भेद सांगितला आहे तो घोड्याला खणात कोंडण्यासाठी नाही. शिकवणाऱ्याने आपली रीत बदलावी म्हणून आहे. ही वर्गवारी घोड्याला काही करायला लावण्याआधी सारथ्याला काही करायला लावते. कौटिल्याची तीक्ष्ण-भद्र-मंद ही विभागणी या जातीची, युक्तिकल्पतरूतले चार वर्ण त्या जातीचे नव्हेत.

राहतो एक प्रश्न: जो कोणत्याच कामाला योग्य उरला नाही त्याचे काय? योग्यता हाच किमतीचा आधार धरला तर उत्तर अवघड होते, आणि आपल्याकडच्या कित्येक म्हाताऱ्यांना व अपंगांना ते अनुभवाने ठाऊक आहे. ज्याच्यावर कोरड्या हिशेबीपणाचा आरोप नेहमी होतो त्या कौटिल्याने अश्वाध्यक्षाच्या त्याच अध्यायात याची व्यवस्था लावून ठेवली आहे. लढाईने, रोगाने, म्हातारपणाने किंवा कामाने झिजलेल्या घोड्यांना पागेतून खाणे चालू ठेवायचे.